हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटलं पाहिजे

राजा, ब्राउझरमध्ये चालणारा तुझा गेम अवघड कर, पण हरणाऱ्याला स्वतःची चूक दिसली पाहिजे. अडथळा अचानक अंगावर आला की पोट्टे चिडून टॅब बंद करतात. क्रोम ब्राउझरमधला २०१४ चा डायनासोरचा गेम बघ. नेट गेलं की भेटतो, सुरुवात सोपी, वेग हळूहळू वाढतो अन् हरल्यावर एका बटणात परत सुरू. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, मध्ये मेनू घुसवू नको. उच्चांक लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत ठेव, सर्व्हर लागत नाही.

वेग फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांवर नाही, वेळेवर मोज. नाहीतर दारव्ह्याकडच्या स्वस्त मोबाइलवर गेम रांगेल.

अन् अवघडपणा तू ठरवू नको, तुझा हात बसलाय. गावातल्या नवख्या पोट्ट्याला खेळायला दे, काही सांगू नको. पहिल्याच मिनिटात तो वारंवार हरला तर सुरुवातीचा वेग कमी कर.