हायडी, ॲलिस आणि ॲडलेडचं मैदान

प्रश्न असा आला आहे: "लेकीला 'हायडी'ची गोष्ट वाचून दाखवत होते. फ्रँकफर्टच्या घरातल्या कडक कारभारीणबाई तिला हायडी म्हणायला तयारच नाहीत, 'आडेलहाइड' म्हणूनच हाक मारतात. लेकीने विचारलं, हे कुठलं नाव? मला सांगता येईना. हायडी हे आडेलहाइडचं लाडकं रूप कसं काय? ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड यावरूनच का? आणि मराठीत लिहायचं तरी कसं?"

आधी हायडी. लाडाने हाक मारताना आपण बहुधा नावाचं डोकं ठेवतो आणि शेपूट उडवतो: शकुंतलेची शकू, सुमनची सुमी. जर्मन भाषकांना शेपूटही चालतं. आडेलहाइडमधलं 'हाइड' घेतलं, त्याला लाडाचा 'ई' लावला, झाली हायडी. गेर्ट्रूडची ट्रूडी होते तीही अशीच. योहाना श्पिरी या स्विस लेखिकेची गोष्ट 1880 सालची. त्यातल्या मुलीचं बाप्तिस्म्याचं नाव आईवरून आडेलहाइड ठेवलेलं आहे. तेव्हा कारभारीणबाई हेकट असल्या तरी कागदोपत्री बरोबरच आहेत.

आता मूळ नाव. जुन्या जर्मनमधली बरीच नावं आपल्या देवदत्त-वसुदेवासारखी दोन शब्द जोडून केलेली असतात. इथला पहिला शब्द 'आदाल', म्हणजे कूळ, खानदान, आणि त्यावरून कुलीन. आजच्या जर्मनमध्ये 'आडेल' म्हणजे सरदार-उमराव वर्ग आणि 'एडेल' म्हणजे उमदा. आल्प्समधल्या एडेलवाइस फुलाचा अर्थ 'उमदं पांढरं'. आडोल्फ म्हणजे आदाल अधिक वोल्फ, लांडगा. (हा वोल्फ म्हणजे आपल्या वृकोदरातला वृक.) आल्बर्ट म्हणजे आदाल अधिक तेजस्वी. म्हणजे हिटलर आणि आइन्स्टाइन यांच्या नावांचा पूर्वार्ध एकच! इंग्रजीतलं एथेल हे नावही याच शब्दाच्या इंग्लिश रूपावरून आलं.

मला जास्त मौज वाटते ती उत्तरार्धाची. जुन्या जर्मनमध्ये 'हाइत' हा स्वतंत्र शब्द होता: प्रकार, दर्जा, असण्याची तऱ्हा. पुढे तो झिजून प्रत्यय झाला. 'फ्राय' म्हणजे मोकळा, 'फ्रायहाइट' म्हणजे मोकळेपणा, स्वातंत्र्य. 'किंड' म्हणजे मूल, 'किंडहाइट' म्हणजे बालपण. इंग्रजीत चाइल्डहूड-ब्रदरहूडमधलं 'हूड' तेच. आपल्याकडे 'मध्य' या शब्दाचं 'मध्ये' होऊन ते दुसऱ्या शब्दाला चिकटायला लागलं, तशातली ही गोष्ट. आजच्या जर्मन माणसाच्या कानाला आडेलहाइड जवळजवळ 'कुलीनपणा' असं ऐकू येत असणार.

या 'हाइत'चा संस्कृतातला भाऊ म्हणून व्युत्पत्तिकार दाखवतात तो शब्द आहे 'केतु'. होय, राहू-केतूतला आणि धूमकेतूतला. मुळातल्या 'क'चा जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, भाषांत 'ह' होतो, हा ठरलेला नियम आहे. आपलं 'कोण' आणि इंग्रजीतलं 'हू' हेही असेच नात्यातले. संस्कृतात केतु म्हणजे तेज, खूण, ध्वज. जे दिसतं, ज्यावरून ओळख पटते ते. तिकडे तोच शब्द 'रूप, तऱ्हा' या अर्थाकडे वळला. म्हणून आडेलहाइडचं 'कुलकेतू' असं भाषांतर करण्याचा मोह होतो खरा, पण ते भाषांतर नव्हे. शब्द सख्खे असले तरी अर्थ दोन घरी वाढलेले आहेत.

बाळांच्या नावांच्या याद्यांत याचा अर्थ 'थोर स्वभावाची मुलगी' असा देतात. मला तो गुळगुळीत वाटतो. या नावांत दोन शब्दांचा मिळून सुसंगत अर्थ निघालाच पाहिजे असं नसे. हिल्डेगुंड हे नाव घ्या: हिल्ड म्हणजे लढाई, गुंड म्हणजेही लढाई!

हे नाव युरोपभर नेलं एका राणीने. बरगंडीची राजकन्या आडेलहाइड, जन्म साधारण 931चा. इटलीचा राजा लोथार हा तिचा पहिला नवरा. तो 950 मध्ये वारला आणि गादी बळकावणाऱ्या बेरेंगारने तिला कैदेत टाकलं. आपल्या मुलाशी तिचं लग्न लावायचा त्याचा बेत होता, असं सांगतात. मुलाचं नाव आडाल्बर्ट, म्हणजे तिथेही 'आदाल' होताच! ती निसटली आणि 951 मध्ये जर्मन राजा पहिला ऑटो याच्याशी लग्न करून मोकळी झाली. 962 मध्ये रोमला दोघांचा सम्राट-सम्राज्ञी म्हणून राज्याभिषेक झाला. पुढे नातू तिसरा ऑटो लहान असताना काही वर्षं कारभार तिच्याच हाती होता. ती 999 मध्ये गेली आणि 1097 मध्ये चर्चने तिला संत ठरवलं. जर्मनीतल्या हार्ट्‌स डोंगराच्या चांदीची ऑटो-आडेलहाइड नाणी प्रसिद्ध आहेत. त्यांवर तिच्या नावाची अक्षरं चक्क जागा बदलून बसलेली दिसतात.

फ्रान्समध्ये गेल्यावर नाव आक्रसलं. दोन स्वरांमधला 'द' तिथे टिकत नाही. आपल्याकडे 'पाद'चा 'पाय' झाला, तसंच. आडेलहाइडचं आडेलाइस, त्याचं आलिस झालं आणि इंग्लंडला पोचून ते ॲलिस झालं. व्हिक्टोरिया राणीच्या घरी याची गंमत दिसते. 1840 साली जन्मलेल्या थोरलीच्या नावांत ॲडलेड होतं, आणि 1843 मध्ये झालेल्या धाकटीचं नाव ॲलिस. एकाच घरात एकच नाव दोनदा, आणि दोन्ही अगदी वेगळी वाटणारी. ॲलिस लग्न होऊन जर्मनीत हेसच्या घराण्यात गेली. तिथल्या लोकांना 'ॲलिस' नीट म्हणता येईना, म्हणून 1872 मध्ये झालेल्या मुलीचं नाव तिने 'आलिक्स' ठेवलं. जर्मनीत जन्मलेलं नाव फ्रान्स-इंग्लंड फिरून माहेरी आलं, तर माहेरच्यांनी ओळखलंच नाही. ही आलिक्स म्हणजे रशियाची शेवटची सम्राज्ञी अलेक्झांड्रा.

ऑस्ट्रेलियातलं शहर मात्र अखंड नावावरचं. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची राणी ॲडलेड मूळची जर्मनीतल्या माइनिंगेनची, आणि 1836 मध्ये वसलेल्या शहराला तिचं नाव दिलं गेलं. मराठी कानांना ते क्रिकेटमुळेच माहीत आहे. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी 1948 मध्ये तिथल्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं ठोकली, 116 आणि 145. 2020 मध्ये तिथेच झालेल्या भारताच्या 36 धावांबद्दल मी काही बोलत नाही.

दोन घोटाळ्यांपासून सावध राहा. जर्मनमध्ये 'हाइडं' म्हणजे झुडपी माळरान. हायडी डोंगरात राहते म्हणून तिचं नाव त्यावरून आलं असं काहींना वाटतं. तो शब्द वेगळा. आणि हॉलिवूडची हेडी लामार हायडी नव्हे. तिचं मूळ नाव हेडविग, आणि त्यातल्या पूर्वार्धाचं नातं सांगतात ते आपल्या 'शत्रू'शी.

लेखनाचं म्हणाल तर जर्मन उच्चार 'आडेलहाइट'च्या जवळचा, कारण शेवटचा 'ड' तिथे 'ट' होतो. पण मराठीत 'आडेलहाइड' लिहिलं तरी बिघडत नाही. शहर इंग्रजी वळणाने 'ॲडलेड', तिथे 'ह' शोधू नये. आणि लेकीसाठी 'हायडी'च बरं. 'हाइडी' लिहिलंत तर कारभारीणबाई खूश होतील, पण मुलं वाचताना अडखळतील.