सरकारी अनुदानातल्या संशोधनाचा निबंध ओपन अ‍ॅक्सेस करायचा, तर जर्नलला शुल्क भरावंच लागतं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: संशोधनाला सरकारी अनुदान आहे, अनुदानाच्या अटींत ‘निबंध ओपन अ‍ॅक्सेस हवा’ असं कलम आहे, जर्नलनं निबंध स्वीकारला आणि पाठोपाठ काही हजार डॉलरच्या शुल्काची विचारणा केली. हे भरणं सक्तीचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. निबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावा, ही अनुदानसंस्थेची अट. तो कोणत्या मार्गानं खुला करायचा, हे सहसा तुमच्यावर सोडलेलं असतं. शुल्क, म्हणजे एपीसी, भरून जर्नलच्याच संकेतस्थळावर खुला करायचा तो ‘गोल्ड’ मार्ग. स्वीकृत हस्तलिखित स्वतः एखाद्या रिपॉझिटरीत, म्हणजे निबंध जपणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, जमा करायचं तो ‘ग्रीन’ मार्ग, आणि रिपॉझिटरी त्याचे पैसे घेत नाही. जर्नलच्या मेलमध्ये पहिल्या मार्गाचं बटण ठळक असतं, दुसऱ्याचा उल्लेख शोधावा लागतो. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

ग्रीन मार्गात घोळ होतो तो आवृत्तीचा. समीक्षकांच्या सगळ्या दुरुस्त्या करून तुम्ही शेवटची पाठवलेली, संपादकांनी मान्य केलेली वर्ड किंवा लाटेक फाइल म्हणजे स्वीकृत हस्तलिखित. जर्नलची मांडणी, पृष्ठक्रमांक, बोधचिन्ह त्यात नसतं. प्रूफची पीडीएफ ही ती आवृत्ती नव्हे. छापील रूपातली पीडीएफ चढवली तर ती काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. उलट समीक्षेआधीचा प्रीप्रिंट टाकला, तर बहुतेक अनुदानसंस्थांची अट पूर्ण होत नाही. म्हणून स्वीकृतीचा मेल येईल त्याच दिवशी ती फाइल, आकृत्या, तक्ते आणि पुरवणी साहित्य एका फोल्डरमध्ये वेगळं ठेवा. सहा महिन्यांनी ‘फायनल’ नावाच्या पाच फाइली समोर आल्या की खरी कोणती, हे सहलेखकांनाही सांगता येत नाही.

आता एम्बार्गो, म्हणजे निबंध प्रसिद्ध झाल्यावर किती महिने हस्तलिखित बंद ठेवायचं ते. प्रकाशकाचं धोरण ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या संकेतस्थळावर जर्नलचं नाव टाकून बघता येतं, शेर्पा रोमिओचं हेच नवं नाव. तिथे प्रत्येक आवृत्तीसाठी मुदत, परवाना आणि जागा वेगवेगळी दिलेली असते, तेव्हा ‘स्वीकृत’ची ओळ वाचा. प्रकाशक बारा महिने म्हणतो आणि अनुदानसंस्था शून्य म्हणते, अशी गाठ पडली की खरी अडचण. आणि ती हल्ली वारंवार पडते. आरोग्य संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेनं 2008 पासून बारा महिन्यांपर्यंतची सूट दिली होती. 1 जुलै 2025 किंवा त्यानंतर स्वीकारलेल्या हस्तलिखितांना ती नाही, प्रकाशनाच्या दिवशीच ते पबमेड सेंट्रल या तिच्या रिपॉझिटरीवर खुलं व्हायला हवं. इथे स्वीकृतीची तारीख धरतात, प्रकाशनाची नाही. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या अनुदान कार्यक्रमातही प्रकाशनाबरोबरच विश्वासार्ह रिपॉझिटरीत निबंध खुला लागतो, तोही सीसी बाय परवान्यावर, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल असा. शिवाय हायब्रिड जर्नलचं, म्हणजे वर्गणीवर चालणाऱ्या पण शुल्क घेऊन सुटा निबंध खुला करणाऱ्या जर्नलचं, शुल्क त्या अनुदानातून मिळत नाही. शुल्क आधी भरून मग परतावा मागणारे इथेच अडकतात.

ही गाठ सोडवायची वेळ निबंध पाठवतानाच असते. 2018 मध्ये जाहीर झालेल्या प्लॅन एस या ओपन अ‍ॅक्सेस योजनेमागच्या अनुदानसंस्थांनी ‘हक्क राखण्या’ची पद्धत रूढ केली: निबंधाच्या आभारात आणि संपादकांना लिहिलेल्या पत्रात अनुदान क्रमांकासह एक वाक्य घालायचं, की या निबंधातून तयार होणाऱ्या स्वीकृत हस्तलिखिताला लेखकांनी सीसी बाय परवाना लावला आहे. अनुदानसंस्थेनं स्वतःचा मजकूर दिला असेल तर तोच शब्दशः वापरा. स्वीकृतीनंतर येणारा हक्क हस्तांतरणाचा करार मात्र न वाचता सही करू नका. वाक्य एक सांगतं आणि करार बारा महिन्यांचा एम्बार्गो सांगतो, तर तुम्ही अनुदानसंस्थेला आणि प्रकाशकाला दोन वेगळी वचनं दिलेली असतात. सहीपूर्वी संपादकीय कार्यालयाला लेखी विचारा. काही प्रकाशक विनाएम्बार्गो जमा करण्यासाठीही शुल्क मागतात. तसं असेल तर ते स्वीकृतीनंतर नव्हे, जर्नल निवडतानाच कळायला हवं.

अनुदान अनेक असतील तर सर्वांत कडक अट पाळा. अनुदान पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचं नसून चौथ्या सहलेखकाचं असलं, तरी अट निबंधाला लागू होऊ शकते. विदा (संशोधनाचा डेटा) जमा करण्याचं कलम वेगळं असतं, ते यात उरकत नाही.

जमा करताना डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक), ओआरसीआयडी (लेखकाचा ओळखक्रमांक), अनुदान क्रमांक आणि परवाना या रकान्यांत चूक झाली, की अनुदानसंस्थेच्या यंत्रणेला निबंध सापडत नाही आणि तो जमा नसल्यासारखाच दिसतो. एनआयएचच्या प्रणालीत फाइल चढवली म्हणजे काम संपलं असं नाही: लेखकाला आधी जमा केलेल्या फाइलला आणि नंतर वेबवरच्या रूपाला, अशी दोनदा मान्यता द्यावी लागते. दुसऱ्या मान्यतेचा मेल दुर्लक्षित राहून कित्येक हस्तलिखितं तशीच पडून राहतात. पुरावा म्हणून पीएमसीआयडी, म्हणजे पबमेड सेंट्रलवरच्या निबंधाचा क्रमांक, लागतो. पीएमआयडी हा पबमेड या निबंधसूचीतल्या नोंदीचा क्रमांक आहे, निबंध खुला असल्याचा नाही. या दोहोंची गल्लत अहवालांत सर्रास दिसते, आणि ती निस्तरेपर्यंत पुढच्या वर्षाचं अनुदान लांबू शकतं. रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत यात धरत नाहीत.

शुल्क भरायचंच ठरलं, तर जर्नल डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या सूचीत आहे का ते बघा, तुमच्या संस्थेच्या ग्रंथालयाचा प्रकाशकाशी करार आहे का ते विचारा, आणि सवलतीचा अर्ज निबंध पाठवण्याआधी करा. स्वीकृतीनंतर तो अनेक ठिकाणी घेत नाहीत.

शेवटची तपासणी संस्थेच्या नेटवर्कवरून करू नका. तिथे वर्गणीमुळे बंद निबंधही उघडतो. मोबाइलच्या डेटावर, लॉगिन न करता डीओआयची आणि रिपॉझिटरीची लिंक उघडा, आणि पानावर परवान्याचं नाव लिहिलेलं आहे का ते बघा. नाव नसेल तर प्रकाशकानं निबंध तात्पुरता मोफत ठेवलेला असू शकतो, आणि तो कधीही बंद होईल.