खरकट्याचं मायलेज

प्रश्न : ओल्या कचऱ्याच्या गॅसवर इंदुरात सिटी बस धावतात म्हणे. आम्ही घरात चौघं. रोजच्या उष्ट्या-खरकट्यावर आमची सीएनजी गाडी चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण फार लांब नाही. इंदूरचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता रोज 550 टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे 17 टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस. किलोभर कचऱ्यामागे 31 ग्रॅम गॅस झाला. गाडी किलोभर गॅसला 25 किलोमीटर देत असेल, तर किलोभर खरकटं तुम्हाला पाऊण किलोमीटर नेईल. चौघांच्या घरातून दिवसाला तेवढंच निघत असेल, तर भाजी आणायला गाडीनं जा, येताना चालत या. नऊ किलोची टाकी भरायची तर जवळजवळ 300 किलो लागेल. त्यासाठी पानात टाकणाऱ्यांचं एखादं मोठं लग्नच गाठावं लागेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत रोज 20 किलोचा बायोगॅस संच आहे. गणपतीतल्या महाप्रसादानंतर ड्रम वर येतो, पण गॅस पेटत नाही. शिवाय हा गॅस सभासदांच्या गाड्यांत भरता येईल का?
– सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : उरलेला भात आणि मोदक एकदम टाकीत गेले असणार. संचाला अपचन झालंय. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू असतात. पहिले पिठूळ अन्न झटपट खाऊन आम्ल बनवतात. दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात, पण सावकाश. एकदम खाणं पडलं की आम्ल साचतं, मिथेन करणारे गळपटतात आणि ड्रममध्ये मुख्यतः कार्बन डायऑक्साइड भरतो. तो पेटणार कसा?

आधी कचरा टाकणं पूर्ण थांबवा. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेपरनं रबडी, म्हणजे टाकीतला पातळ काला, तपासा. 6.8 ते 7.4 ठीक, 6.5 च्या खाली असेल तर चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, रोज तपासत. चुना एकदम ओतलात तर पीएच उलट्या दिशेनं उडेल. सोबत ताज्या शेणाच्या दोन-तीन बादल्या, तेवढ्याच पाण्यात कालवून. ड्रममधला बिनकामाचा गॅस उघड्यावर, आगीपासून लांब सोडून द्या. ज्योत निळी आणि स्थिर झाली की 5 किलोपासून सुरुवात करा आणि आठवड्याला 5 किलो वाढवा. लिंबू-संत्र्याच्या साली, हाडं, अंड्याची टरफलं आणि कढईतलं तेल टाकायचं नाही. सालींतलं तेल जिवाणूंना मारक असतं, टरफलं तळाशी साचून राहतात.

गाडीचं मात्र विसरा. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन 55–60 टक्के असतो, सीबीजीत किमान 90 लागतो. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही काढावा लागतो, कारण तो ओलाव्याशी मिळून सिलिंडर आतून खातो. त्यानंतर 200 बार, म्हणजे हवेच्या सुमारे 200 पट दाब. तुमच्या ड्रममधला दाब जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. परवान्याशिवाय असा सिलिंडर भरणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. 20 किलोंतून रोज अंदाजे दोन घनमीटर गॅस येतो, तो चहा-नाश्त्याला वापरा.

प्रश्न : वडे तळून उरलेलं तेल गाळून थेट डिझेल गाडीत टाकलं तर? धुराला वड्याचा वास येईल का?
– वडापाव विक्रेते, कोल्हापूर

उत्तर : वास थोडा तळणीचा येतो, गाडी मात्र बिघडते. तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं. इंजेक्टर ते नीट फवारू शकत नाही, काजळी धरते. म्हणून त्याचं बायोडिझेल करतात. लिटरभर गाळलेल्या, पाणी उडवलेल्या तेलाला 200 मिली मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. ताज्या तेलाला सोडा 3.5 ग्रॅम पुरतो. तळलेल्याला आम्लता मोजून वाढवावा लागतो. 55 अंशांवर तासभर ढवळून रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन खाली बसतं. तेलात पाणी राहिलं किंवा सोडा चुकला तर सगळ्याचा साबण होतो.

हे वाचून स्टोव्ह पेटवू नका. मिथेनॉल 65 अंशांच्या आतच उकळतं, झटकन पेट घेतं आणि पोटात गेलं तर दृष्टी जाते. शिवाय बीएस-6 डिझेलच्या मानकात बायोडिझेल फक्त 7 टक्क्यांपर्यंत चालतं. जास्त घातलं तर जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर चोंदतो, जुने रबरी पाइप फुगतात. तुम्ही तेल विका. पुन्हा पुन्हा तळल्यानं तेलात वाढणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल पुन्हा तळायला वापरता येत नाही. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा व्हावं म्हणून एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ योजना 2018 पासून आहे.

प्रश्न : राजे चार्ल्स यांची मोटार वाइन आणि चीजच्या पाण्यावर चालते, हे खरं? पनीरचं पाणी आमच्याकडे रोज वाया जातं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, पण त्यांच्या जुन्या ॲस्टन मार्टिनमध्ये कोणी बाटली उपडी करत नाही. उरलेली वाइन आणि चीजचं पाणी यांपासून काढलेलं इथेनॉल 85 टक्के आणि पेट्रोल 15 टक्के, असं मिश्रण आहे. त्यासाठी इंजिनातही बदल केले आहेत. पनीरच्या पाण्यात कणीक मळा.