जुनी भांडी, बाटल्या खणून काढायचा छंद इंग्लंडमध्ये कसा सुरू करावा? सुट्टीत गावी गेल्यावर तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातही खणता येईल का?

इंग्लंडमध्ये खुशाल करा, गावच्या पांढरीला मात्र हात लावू नका. दोन्हीकडे खापरंच निघतात, मग हा दुजाभाव का, ते सांगतो.

मी इंग्लंडच्या मध्य भागात, मिडलँड्समध्ये राहतो. आमच्यासारख्या हौशी मंडळींचा सगळा भर व्हिक्टोरियन काळातल्या उकिरड्यांवर असतो. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर घरोघरचा कचरा उचलणं हे हळूहळू नगरपालिकांचं काम झालं. हा कचरा म्हणजे मुख्यतः शेगडीतली कोळशाची राख आणि तिच्यात टाकलेलं फुटकंतुटकं. वीटभट्टीवाल्यांनी माती उपसून केलेले खड्डे त्यानेच भरले.

अशी जागा आधी नकाशात सापडते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. १८८० च्या आसपासच्या नकाशात गावाबाहेर मातीचा खड्डा आणि १९१० च्या सुमारास तिथेच सपाट शेत दिसलं, की चौकशीला लागा. मग जमीनमालकाची परवानगी, तीही लेखी. नाही म्हणाला तर विषय संपला. लंडनला थेम्सच्या पात्रात तर ओहोटीच्या वेळी वाकून शोधाशोध करायलाही पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो.

काळी भुसभुशीत राख, कालवांचे शिंपले, कोळशाचे खंगर दिसू लागले की फावडं ठेवून खुरपं घ्या. सगळ्यात जास्त निघतात त्या मुरंब्याच्या बरण्या. डंडीच्या कीलर कंपनीची पांढरी बरणी अंगठ्याने पुसली की काळ्या छापातली पानांची माळ उमटते आणि खाली ‘लंडन १८६२’ दिसतं. नवखा माणूस इथे हुरळतो. ते साल प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचं, बरणी त्यानंतर कितीही वर्षांनी केलेली असू शकते. बशीच्या पाठीवर ‘इंग्लंड’ छापलं असेल तर ती साधारण १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे. बाटलीच्या अंगावरची साच्याची उभी रेघ, म्हणजे शिवण, ओठाच्या खालीच थांबत असेल तर ओठ हाताने घडवलेला, म्हणजे बाटली बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीची.

आपल्या गोटी सोड्याची बाटलीही इथलीच बरं का! हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. पण अख्खी क्वचित मिळते, बहुतेकींचा गळा फुटलेला. गोटीसाठी पोरं त्या फोडायची म्हणतात, आणि मला ते सहज पटतं.

जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. खड्ड्याच्या भिंतीत आडवं कोरत जाऊ नका, राख क्षणात ढासळते. अंगावर रेघा असलेल्या निळ्या किंवा हिरव्या बाटल्या विषाच्या असत, बूच शाबूत असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका. निघताना खड्डा बुजवायचा.

आता पांढरीचं. इथला उकिरडा वीस-तीस वर्षांत भरलेला, आणि त्यातल्या मालाच्या जाहिराती, पेटंटं, कारखान्यांच्या नोंदी आजही बघायला मिळतात. पांढरीत शेकडो, कधी हजारो वर्षांच्या वस्त्या थरावर थर बसलेल्या असतात, आणि कुठल्या थरात काय होतं हीच बहुतेक वेळा एकमेव नोंद. प्रवरेकाठच्या दायमाबादचंच बघा. १९७४ मध्ये तिथे झाडाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी धातूची चार शिल्पं मिळाली, एकूण ६० किलोंहून जड. पण ती शास्त्रीय उत्खननात थरासकट मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळावरून अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. तिथे फावडं मारणारा अडाणी नव्हता की चोर नव्हता, तरी हे झालं. आपण हौसेने खणून काय काय पुसून टाकू, विचार करा.

कायदाही आहेच. संरक्षित स्थळी खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं १० रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पावसाने धुपलेल्या टेकाडावर लाल खापरावर काळी नक्षी दिसली, तर ती जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची असू शकते. शेजारी एखादं नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल, गट नंबर लिहून घ्या, खापर आहे तिथेच राहू द्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.