बाळाला बीपीची गोळी कशाला?

सिंहगड रस्त्यावरून आलेल्या त्या आईनं पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून माझ्या टेबलावर ठेवली. तीन दिवस ती तांदळाच्या डब्यामागे लपवलेली होती. चार महिन्यांच्या लेकीच्या वरच्या पापणीवर स्ट्रॉबेरीसारखी लाल गाठ वाढत चाललेली, म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिलं. मेडिकलवाला म्हणाला, "हे तर बीपीचं औषध! एवढ्याशा बाळाला?" सासूबाईंनी ते ऐकलं आणि औषध बंद झालं.

"मॅडम, डॉक्टर माझ्या पोरीवर प्रयोग करतायत का हो?"

हा प्रश्न वेगवेगळ्या औषधांबद्दल मी कितीदा तरी ऐकलाय. औषधाला मंजुरी मिळते ती ठरावीक आजारासाठी, ठरावीक वयासाठी. चाचण्या बहुतेक मोठ्या माणसांवर होतात, त्यामुळे कितीतरी औषधांच्या लेबलवर लहान मुलांचा उल्लेखच नसतो. त्या चौकटीबाहेर औषध देणं म्हणजे ऑफ-लेबल. या गोळीचंच बघा. फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी हृदयाच्या त्रासासाठी ती एका बाळाला दिली, तर त्याची अशीच गाठ विरत गेली. २००८मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मग रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१४मध्ये अमेरिकेत बाळांसाठी याचं पातळ औषध मंजूर झालं. पापणीवरची गाठ वाढली तर नजरेला धोका असतो, म्हणून डॉक्टर थांबायला तयार नव्हते.

पण मान डोलवून गप्प बसा, असं मी कुणालाच सांगत नाही. तापावर मुलांना सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड २०११मध्ये आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंद करावं लागलं. विचारायलाच हवं. आणि खरं सांगायचं तर, दोन मिनिटं काढून कुणी या आईला समजावलं असतं, तर स्ट्रिप डब्यामागे गेलीच नसती.

"आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका," मी म्हटलं. "तीन दिवस बंद होतं हे आजच डॉक्टरांना सांगा." मग आम्ही कागदावर प्रश्न लिहिले. हेच औषध का? किती महिने? दुसरं काही आहे का? कधी थांबवायचं?

पुढच्या खेपेला ती वही घेऊन आली. डॉक्टरांनी बजावलं होतं: उपाशीपोटी द्यायचं नाही, साखर उतरू शकते. उलट्या होत असतील, बाळ दूध पीत नसेल, तर डोस द्यायचा नाही. छातीत घरघर वाटली तर लगेच फोन. वहीत दुधाची आणि औषधाची वेळ शेजारी शेजारी लिहिलेली. काही अक्षरं थरथरती, मोठाली होती.

"ती सासूबाईंची," ती म्हणाली. "आता त्याच आधी विचारतात, दूध प्यायली का गं ती?"