पहिली दहा मिनिटं

प्रिय मुली,

काल रात्री तू लिहिलंस, "काकू, दोन मिनिटांत माझा जीव वर येतो. बाकीचे गप्पा मारत फेऱ्या घालतात. माझी फुफ्फुसंच लहान असतील का?" आणि खाली एक ओळ, "बहुतेक पळणं माझ्यासाठी नाहीच." पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. त्या खालच्या ओळीने मात्र मला झोप लागू दिली नाही.

तुझी फुफ्फुसं लहान नाहीत. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, आणि गरज पडली तर निरोगी तरुण शरीर त्याच्या दहापट हवा खेळवू शकतं. तू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असतेस, तेव्हाही तुझ्या रक्तातला ऑक्सिजन जवळपास नेहमीइतकाच असतो. फुफ्फुसं आपलं काम करताहेत. तू बाकीच्या शरीराला तयार व्हायला वेळच देत नाहीस.

मी तुला पाहिलंय ना. दादर स्टेशनवरून घाईघाईत येतेस, कट्ट्यावर पाय टेकवून लेस बांधतेस, घड्याळाचं बटण दाबतेस आणि सुटतेस. शिवाजी पार्काच्या कडेच्या उद्यान गणेशाच्या देवळापर्यंत पोचायच्या आत चेहरा लालबुंद. त्या क्षणी आत काय चाललेलं असतं ते नीट समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणं तरी थांबेल.

पहिलं पाऊल टाकल्याबरोबर पायांच्या स्नायूंची ऊर्जेची मागणी एकदम वाढते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मात्र एकदम वाढत नाही. हृदयाचे ठोके वाढायचे, रक्तवाहिन्या रुंदावायच्या, पोटाकडचं रक्त पायांकडे वळायचं, स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जेच्या छोट्या भट्ट्यांनी, वेग घ्यायचा, या सगळ्याला दोन ते तीन मिनिटं लागतात, आणि सवय नसलेल्या शरीराला जरा जास्तच. तोवर काम चालतं शिलकीवर. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा छोटा साठा असतो. जोरात पळालं तर तो दहा-एक सेकंदांत संपत येतो. मग शरीर ऑक्सिजनशिवाय साखर फोडायला लागतं. त्यात आम्ल वाढतं, ते निवळवताना रक्तात कार्बन डायऑक्साइडची भर पडते, आणि मेंदूच्या तळाशी जे केंद्र श्वास चालवतं त्याला हे लगेच कळतं. ते हुकूम सोडतं, जोरात श्वास घे. तुला जो दम लागतो तो हा हुकूम आहे.

तुमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी आठव. खाली पंप सुरू केला तरी पाणी वर चढायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात सगळ्या मजल्यांचे नळ एकदम सोडले तर टाकी कोरडी पडणारच. पंपात काही बिघाड नसतो. नळ हळूहळू सोडायला हवे होते, एवढंच.

म्हणून पहिली दहा मिनिटं पळायचं नाही. चालायचं. हात हलवत, जरा घाम सुटेल असं झपझप चालायचं. हे तुला मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं आणि तू मान डोलावून पळत सुटलीस. पहिली दहा मिनिटं चालायचं.

आणि त्यानंतर? त्यानंतरही तुझ्या डोक्यात पळण्याचं जे चित्र आहे तसं पळायचं नाही. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पुन्हा एक मिनिट. हळू म्हणजे किती? शेजारून चालणारे आजोबा तुझ्या पुढे गेले तरी चालेल इतकं हळू. पळता पळता आईशी फोनवर पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे, आणि तू पळते आहेस हे तिला कळता कामा नये. फोन नको असेल तर एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हण. मध्येच तुटला की चालायला लाग. घड्याळावरच्या आकड्यापेक्षा हा पाढा जास्त खरं बोलतो.

तू म्हणशील, असं पळून कोणी कधी मोठं झालंय का? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडचा पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकला. दोन मिनिटांच्या आत संपणारी ही शर्यत. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याला सरावात एका दमात २२ मैल पळवायचे, कारण आधी दमाचा पाया, वेग नंतर, ही त्यांची पद्धत होती. पुढे याच लिडियार्डनी ऑकलंडमधल्या व्यायामाची सवय सुटलेल्या प्रौढ माणसांना पळायला लावलं, तेही गप्पा मारता येतील अशा गतीने. साठ वर्षांहून जास्त काळ झाला याला. तरी आपल्याकडे अजून पहिल्याच दिवशी "जोर लगाव" ऐकू येतं.

तुझ्या त्या खालच्या ओळीचा राग का आला, तेही सांगते. शाळेत असताना मला पळायला फार आवडायचं. मैदानाची एक फेरी संपायच्या आत मी धापा टाकायला लागले, तेव्हा आमच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्यात दम नाही, हिला बसवा. वर एक सल्लाही दिला, तोंड मिटून फक्त नाकाने श्वास घ्यायचा. मी प्रयत्न केला आणि आणखीच गुदमरले. श्वासाची गरज मिनिटाला ३५-४० लिटरच्या पुढे गेली की बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं; ते उघडायलाच हवं. पण हे त्या वयात मला कोण सांगणार? मी बसले ती चाळिशी उलटेपर्यंत. ती मधली वर्षं, लग्नाआधीची, पोरं लहान असतानाची, ज्या वर्षांत पहाटेचा एक तास मला माझ्यासाठी हवा होता, ती गेलीच. आजही मरीन ड्राइव्हवर कॉलेजच्या मुली पळताना दिसल्या की मी हिशेब करत बसते. म्हणून तू तेवीस-चोविसाव्या वर्षी "माझ्यासाठी नाहीच" असं लिहितेस ते मला सहन होत नाही. दोन मिनिटांच्या दमावरून आयुष्याचा निकाल लावू नकोस.

आपल्या गटात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. काकूंबरोबर गेलं की नुसतं चालावं लागतं. काही जण त्यामुळे सोडूनही गेले. गेल्या पावसाळ्यानंतर एक मुलगी आली होती, तुझ्याइतकीच उत्साही. माझ्या चालण्याला कंटाळून ती दुसऱ्या लोकांबरोबर जोरात पळायला लागली, आणि महिन्याभरात नडगीच्या दुखण्याने तिचं पळणं बंद झालं. व्हायचंच ते. हृदय आणि रक्त लवकर शिकतात, रक्तातला द्रव तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतो. स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया आणि केशवाहिन्या वाढायला काही आठवडे जातात. हाडं आणि स्नायूबंध सगळ्यांत मागे, त्यांचा हिशेब महिन्यांचा. दम सुधारला म्हणून माणूस जोर करतो आणि नडगी मागे राहिलेली असते. मी चालायला लावते ते याचसाठी. गटातली अर्धी माणसं गेली तरी मी पहिली दहा मिनिटं चालायलाच लावणार.

मुंबईचं हवामानही लक्षात घे. पुण्याची तुझी मैत्रीण ज्या गतीने पळते ती इथे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये तुला जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून हृदयाला पायांबरोबर त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं. गती तीच ठेवलीस तर ठोके वाढणारच. थंडीत प्रश्न वेगळा. पहाटे धुरकं जमिनीलगत साचतं, पार्कातली लाल माती उडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप फोनवर घेऊन ठेव. त्यातला हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) २०० च्या वर असेल त्या दिवशी घरीच जिने चढ-उतर कर. एक दिवस बुडल्याने काही बिघडत नाही.

आणि एक गोष्ट पुढे ढकलू नकोस. रक्त तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ते १२ च्या खाली असेल तर तू कितीही हळू पळालीस तरी दम लागेल, आणि त्यावर उपाय मैदानात नाही, डॉक्टरांकडे आहे. डब्यात सकाळी केलेली पोळी-भाजी आणि रात्री उशिरा मॅगी असं तुझं खाणं आहे हे तूच सांगितलंस, म्हणून म्हणते. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला किंवा थांबल्यावरही बराच वेळ श्वास जागेवर आला नाही, तर माझ्याकडे यायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. काही जणांच्या श्वासनलिका व्यायामाने आकसतात, त्यावर औषध असतं. ते सहन करत बसण्यात कसलंच शौर्य नाही.

बाकी तुझा दम साधा आहे, नवशिक्याचा आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं आत्ता बोलूच नकोस. लोक माहीमहून अर्धी मॅरेथॉन सुरू करतात, गर्दीच्या जोशात पहिला किलोमीटर उधळतात आणि सी-लिंकवर चालायला लागतात. माणसं वर्षानुवर्षं पळूनही हेच करतात, मग तुला दोन आठवड्यांत कसं उमजेल? उमजेल, पण माझं ऐकलंस तर.

मंगळवारी पावणेसहाला ये. घड्याळ घरी ठेव. येताना अर्धं केळं खाल्लंस तर बरं. आपण दोघी आधी दहा मिनिटं चालणार आहोत, तू कितीही कुरकुर केलीस तरी, आणि मग एकेक मिनिट पळू. पाढा तू म्हणायचास, मी ऐकेन. रक्ताचा रिपोर्ट आला असेल तर तोही घेऊन ये.

तुझी,
काकू