नॅस्कार आणि डर्ट ट्रॅक रेसिंगमध्ये नुसतं डावीकडे गोल गोल फिरायचं असतं, त्यात कौशल्य काय?

प्रश्नाखाली विचारणाऱ्यानं अजून दोन गोष्टी लिहिल्यात. एक म्हणजे फॉर्म्युला वन बघितल्यावर हा सगळा गाववाल्यांचा टाइमपास वाटतो, आणि दुसरी म्हणजे तरी बघायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करू. ते गाववाल्यांचा टाइमपास वाचून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे फक्त वाचतो. (नॅस्कार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी संस्था, आणि डर्ट ट्रॅक म्हणजे मातीचा गोल ट्रॅक.) हेच वाक्य माझ्या घरात जेवणाच्या टेबलावर ऐकलंय, तेही माझ्या वडिलांच्या समोर.

मी बरीच वर्षं ओहायोच्या पश्चिम भागात नोकरीला होतो, लायमा नावाच्या गावाजवळ. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधे मधे कारखाने, बाकी काही नाही. पण त्या पट्ट्यात मातीचे ट्रॅक आहेत. लायमालँड हा पाव मैलाचा छोटा ट्रॅक, शुक्रवारी रात्री शर्यती. आणि तिथून गाडीनं फार लांब नाही असं रॉसबर्गजवळचं एल्डोरा, अर्ध्या मैलाचं, तिथं तर अख्ख्या अमेरिकेतून लोक येतात. अर्ल बाल्टेस म्हणून एक माणूस होता, बँड चालवायचा, नाचगाण्याचा हॉल होता त्याचा, त्यानं हॉलच्या शेजारी १९५४ मध्ये हा ट्रॅक बांधला आणि २००४ मध्ये नॅस्कारचा ड्रायव्हर टोनी स्टुअर्टला विकेपर्यंत पन्नास वर्षं स्वतः चालवला. २००१ साली तिथं एका शर्यतीला पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर होतं आणि ते ओहायोच्याच डॉनी मोरननं नेलं. गाववाल्यांचा टाइमपास म्हणे!

आमच्या शॉपमधे एक वेल्डर होता, आठवडाभर वेल्डिंग करायचा आणि शुक्रवारी लायमालँडला जुनी शेवरोले पळवायचा. आतलं सगळं काढून टाकलेलं, पाइपांचा पिंजरा स्वतः वेल्ड केलेला, पुढे काच नाही तर जाळी, कारण काच असली तर दुसऱ्या लॅपला चिखलानं बंद होते. त्याच्याबरोबर पिटमधे, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या जागेत, जायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा त्या देशात घरच्यासारखं वाटलं. कारण मी गॅरेजमधे वाढलो. इचलकरंजीला आमच्या आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, ट्रकचं गॅरेज होतं, शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि पाना द्यायचा. पिटमधे तोच ग्रीसचा वास, तसंच बोनेटमधे डोकं घालून चाललेलं भांडण, फक्त भाषा वेगळी.

२००५ च्या उन्हाळ्यात आण्णा माझ्याकडे आले होते. आई आधीच गेलेली, अपार्टमेंटमधे दिवसभर टीव्ही बघून वैतागलेले, इंग्रजी येत नाही. जूनमधे न्यू जर्सीचा माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बायकोमुलांना घेऊन आला. इंडियानापोलिसला रविवारी एफ-वनची रेस होती, माझं घर वाटेवर. शुक्रवारी रात्री मी आण्णांना लायमालँडला नेतो म्हटल्यावर दादा म्हणाला, "काकांना नायगारा दाखवायचा सोडून तू चिखलात नेतोस? गॅरेजवाल्यांचा खेळ आहे तो. रविवारी दाखवतो त्यांना खरं रेसिंग." आण्णा शेजारीच बसलेले. गॅरेजवाल्यांचा हा शब्द ज्या सुरात आला तो मी आजपर्यंत विसरलेलो नाही. ज्या काकांच्या गॅरेजच्या पैशावर याच्या इंजिनीअरिंगची पहिली फी भरली होती त्यांच्यासमोर.

तरी गेलो. आण्णा आधी नुसते हात मागे बांधून फिरत होते. हीट रेसला, म्हणजे फायनलच्या आधीच्या छोट्या शर्यतीला, आमच्या वेल्डरची गाडी सरळ पट्ट्यावर मागेच पडायला लागली आणि शेवटून दुसरा आला. गाडी पिटमधे येते न येते तोवर आण्णा म्हणाले, "मिसिंग हाय. एक सिलेंडर मारत न्हाई." आता आठ सिलेंडरचं उघडं इंजिन, शेजारी अजून वीस गाड्यांचा आवाज, त्यात यांना ते ऐकू आलं. वेल्डरला मी सांगितलं तर तो कार्बोरेटर उघडायला लागला. आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवला, गाडी चालू ठेवायची खूण केली, पाण्याच्या बाटलीतलं पाणी बोटांवर घेतलं आणि हेडरच्या, म्हणजे प्रत्येक सिलेंडरचा धूर बाहेर काढणाऱ्या, एकेका पाइपवर शिंपडत गेले. चर्र, चर्र, चर्र, आणि एका पाइपवर पाणी तसंच ओघळलं. तोच सिलेंडर. प्लगची वायर हेडरला टेकून जळाली होती आणि करंट तिथंच लोखंडात उतरत होता. वेल्डरकडे जादा वायर नव्हती. शेजारच्या पिटवाल्याकडे होती, आणि हा शेजारी म्हणजे पॉइंट्समधे याच्या पुढे असलेला माणूस, फायनलला याच्याच विरुद्ध उतरणार. त्यानं एका शब्दानं न विचारता काढून दिली. आण्णांनी ती तारेनं हेडरपासून लांब बांधून टाकली, आमच्याकडे ट्रकला बांधायचे तशी.

फायनलला वेल्डर शेवटच्या रांगेतून सुटला आणि चौथा आला. वायर देणारा दुसरा आला. त्या रात्री अर्धा पिट आण्णांशी हात मिळवायला आला, आणि आण्णा, ज्यांना अमेरिकेत आल्यापासून माझ्याशिवाय कुणाशी बोलता आलं नव्हतं, ते रात्री बारापर्यंत खुणांनी गप्पा मारत होते. जाताना मला म्हणाले, "गडी तयारीचं हाईत."

आता रविवार. १९ जून २००५, एफ-वन बघणाऱ्यांना ही तारीख सांगावी लागत नाही. इंडियानापोलिसचं तेरावं वळण बाहेरच्या बाजूनं उचललेलं, तिथला भार मिशेलिन कंपनीच्या टायरला झेपेना, आणि त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे रेसमधे टायर बदलायला बंदी. रेस सुटण्याआधीची फॉर्मेशन लॅप संपली आणि मिशेलिनचे टायर लावलेल्या चौदा गाड्या सरळ पिटमधे निघून गेल्या. दुसऱ्या कंपनीच्या टायरवरच्या सहाच गाड्या पळाल्या, फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डीच्या. शूमाखर जिंकला. लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. आण्णांनी विचारलं, बाकीच्या गाड्या कुठं गेल्या? मी सांगितलं. ते म्हणाले, "मग टायर मागून घ्यायचं की दुसऱ्याचं. परवा त्या गड्याला वायर दिलीच न्हवं." दादानं तोंड फिरवलं आणि परत येताना गाडीत मला म्हणाला, काकांना एफ-वन कळत नाही. तिथून आमचा जो वाद सुरू झाला तो आण्णा गेल्यानंतरही चालू आहे, दर दिवाळीला फोनवर.

तर तुमचा प्रश्न. डावीकडे वळण्यात कौशल्य काय. अहो, मातीवर गाडी डावीकडे वळवायला स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागतं. मागचा भाग बाहेर सुटलेला असतो आणि गाडीची दिशा ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरनं ठरवतो, जरा जास्त दिला की गरकन फिरणार, जरा कमी दिला की मागून येणारी गाडी पुढे निघून जाणार. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराला मोठं लावतात, म्हणजे गाडी आपसूकच डावीकडे ओढते, आणि तो फरक किती ठेवायचा हे पिटमधे टेप लावून मोजून ठरवतात. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक एकसारखा राहतच नाही. संध्याकाळी टँकरनं पाणी मारलेलं असतं, माती चिकट, ग्रिप भरपूर. रात्र चढेल तशी ती सुकते, घासून गुळगुळीत होते, सगळी सुटी माती भिंतीकडे सरकून तिथं एक वरंबा तयार होतो. त्या वरंब्याला मागचं चाक टेकवून फुल अ‍ॅक्सिलरेटरनं वळण काढणं याला छाती लागते, कारण दोन फूट पलीकडे भिंत. नाहीतर खालून आत शिरायचं आणि काळपट दिसणारी ओलसर माती शोधत जायचं. म्हणजे सात वाजता केलेलं गाडीचं सेटिंग दहा वाजता चुकीचं ठरतं. डांबरावरही रबर बसून आणि ऊन-सावलीनं ग्रिप बदलते, पण मातीइतकी नाही.

आणि नॅस्कारला शिव्या देणाऱ्यांनी हेही बघावं की ते सगळं मातीतूनच आलंय. १९ जून १९४९ ला शार्लटला मातीच्या ट्रॅकवर नॅस्कारच्या स्ट्रिक्टली स्टॉक मालिकेची, म्हणजे आजच्या कप सिरीजची, पहिली शर्यत झाली. पहिला आलेल्या ग्लेन डनवेला बाद केलं कारण गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पसरवलेल्या सापडल्या, चोरटी दारू वाहणारे करायचे तसल्या, आणि जिम रोपरला विजेता केलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा गॅरेजवाल्यांचाच खेळ, दादा. वरच्या मालिकेची मातीवरची शेवटची शर्यत १९७० ला रालेला झाली, रिचर्ड पेटी जिंकला, मग सगळं डांबरावर गेलं. २०१३ ला एल्डोराला पिकअप ट्रकची शर्यत आणली तेव्हा नॅस्कारची राष्ट्रीय मालिका परत मातीवर आली, ऑस्टिन डिलन जिंकला. २०२१ पासून तीन वर्षं ब्रिस्टलच्या काँक्रीटवर माती ओतून कप सिरीज पळवली, ते मला बिलकुल आवडलं नाही. माती ओतून मातीचा ट्रॅक होत नाही, त्याला वर्षानुवर्षं ती माती सांभाळणारा माणूस लागतो.

आयएमसीए या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचा मॉडिफाइड नावाचा क्लास आहे, त्यात जुना नियम असा की जिंकणाऱ्याचं इंजिन ठराविक रकमेला दुसरा ड्रायव्हर मागून घेऊ शकतो. म्हणजे कुणी महागडं इंजिन घालून जिंकायला बघितलं तर ते त्याच रात्री हातातून जाईल. एफ-वनमधे आणा असला नियम आणि मग बघू.

तरी एक सांगतो, एफ-वनचं इंजिनीअरिंग मोठं आहे, मी स्वतः रविवारी बघतो. डर्टमधेही सगळं जुन्यासारखं राहिलेलं नाही, वरच्या लेट मॉडेल क्लासमधे आता एकेका इंजिनाला हजारो डॉलर मोजतात आणि नोकरी करून शुक्रवारी पळवणारा माणूस खालच्या क्लासमधेच उरलाय. जीवाला धोकाही खरा आहे, मरतात लोक. पण प्रश्न कौशल्याचा होता आणि त्यावर माझ्याकडे दोन मतं नाहीत.

सुरुवात करायची तर एल्डोराचं वर्ल्ड हंड्रेड बघा, १९७१ पासून चालू आहे, सप्टेंबरमधे असतं, शंभर लॅप. नुसती फायनल नको, हीटपासून बघा, म्हणजे ट्रॅक कसा बदलत गेला ते कळेल. आणि अमेरिकेत असाल तर मोठ्या नॅस्कार रेसचं तिकीट काढण्याआधी जवळच्या गावातला मातीचा ट्रॅक शोधा. पिटपास घ्या, चार पैसे जास्त जातील. कानात बोळे घाला, लहान मुलं असतील तर त्यांना हेडफोन लागतातच. स्टँडमधे बसलात तर वरच्या रांगेत बसा, खाली वळणाजवळ बसणाऱ्याच्या नॅचोजमधे माती पडते. आणि वडील आलेले असतील तर त्यांना न्याच, नायगारा पुढच्या आठवड्यात दाखवा.